क्रांती जूनमध्ये येत आहे

एजवेअर, लंडन
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

श्री. हरीश यांस,

नमस्कार लिहीत नाही. ‘हरीशभावोजी’ तर नाहीच नाही. लग्न होऊन ब्रिस्टलला आले तेव्हापासून त्याच नावानं हाक मारली, आमचे हे गेल्यावरही दर दिवाळीला तुम्हाला फराळाचा डबा धाडला, पण कालपासून तो शब्द तोंडात आला की थुंकून टाकावासा वाटतोय.

तुमची नात मालविका शनिवारी माझ्या मराठीच्या वर्गाला येते. तुम्हीच फोन करून सांगितलं होतंत ना, ‘वहिनी, पोरगी क्रॉयडनहून एवढ्या लांब येणार आहे, तिला नीट शिकवा.’ शिकवते आहे. सव्वीस वर्षांची पोर, नोकरी सांभाळून येते, हुशार आहे, फक्त कोण तो आणि कोण ती याचा गोंधळ काही केल्या जात नाही. काल वर्ग संपल्यावर ती फोन नाचवत माझ्याकडे आली. ‘अनुराधाआजी, यू वोन्ट बिलीव्ह धिस! माझा आजोबा कोल्ड वॉरमध्ये होती! ऑलमोस्ट स्पाय!’ तिनं तुमची मुलाखत घेतली आहे म्हणे, पॉडकास्टवर घालायला. ‘ऐका ना, एक फनी पार्ट आहे.’

ऐकला मी तुमचा फनी पार्ट. तुम्ही सांगत होतात, ‘ऐंशी साल. रशिया नुकताच अफगाणिस्तानात घुसलेला, इकडे सगळ्यांची तंतरलेली. आमच्या कारखान्यात विमानांची इंजिनं. सिक्युरिटीचा साहेब मला बोलावतो. म्हणतो, एका इंडियन इंजिनियरच्या ड्रॉवरमध्ये हे पत्र सापडलंय, तुझ्या भाषेत आहे, ट्रान्सलेट कर. बघतो तर पहिलीच ओळ, रिव्होल्यूशन इज कमिंग इन जून! साहेब पांढराफटक! दुसऱ्या दिवशी तो माणूस आउट. कम्युनिझमला इंग्लंडबाहेर ठेवायला आपलाही थोडा हातभार.’ आणि मग खो खो हसलात. मालविका हसली. वर्गातली दोन माणसं थांबली होती, तीही हसली.

तो ‘एक इंडियन इंजिनियर’ माझा नवरा होता. शशिधर. त्याचं नाव घ्यायचीसुद्धा तुम्हाला गरज वाटली नाही.

इतकी वर्षं आम्हाला कळलं नव्हतं की झालं काय. ह्यांना एके सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. कारण विचारलं तर ‘सांगता येत नाही’. ज्याला त्याला विचारून झालं. तुमच्या सोफ्यावर बसून हे रडले होते, हरीश, मी पाहिलंय. अलका वहिनींनी पाणी आणून दिलं आणि तुम्ही ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतात. ‘शशी, गोऱ्यांचं काही सांगता येत नाही बाबा.’ खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं पाहिली होती, पण वासे उपसून नेऊन वर सांत्वनाला बसणारा एकच पाहिला.

आता ते पत्र. माझ्या सासऱ्यांचं, सोलापूरहून आलेलं. ते कुणी परत दिलं नाही, पण आलं त्या दिवशी मीच ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि मला ते पाठ आहे. ‘क्रांती जूनमध्ये येत आहे. सगळी तयारी ठेव. कुणाकडे बोलू नकोस, काम पार पडलं की मग सगळ्यांना कळू दे.’ हो की नाही? आणि त्याच्या खालची ओळ? ‘विमानात तिला खिडकीशी जागा मिळाली तर बघ, तिला मळमळतं.’

ही ओळ वाचून दाखवलीत का हो साहेबाला? रिव्होल्यूशनला मळमळतं म्हणून?

क्रांती माझी नणंद. बावीस वर्षांची. हृदयाची झडप खराब झाली होती, ब्रिस्टलला ऑपरेशन ठरत होतं. कुणाकडे बोलू नकोस, कारण मुलीचं लग्न व्हायचं होतं आणि हृदयरोगी मुलगी कोण करून घेणार, अशी त्या माऊलीला, माझ्या सासूला, धास्ती. हे मी तुम्हाला आणि अलका वहिनींना माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. पुरणपोळी वाढता वाढता. तुम्ही म्हणालात, ‘क्रांतीला आणायला हीथ्रोला मी गाडी घेऊन येतो.’

आणि आमच्या लग्नात? करवली म्हणून मिरवत होती ती. तुमच्या चहात मीठ घालून दिलं म्हणून तुम्ही सगळ्या मांडवात ‘अहो क्रांतीबाई, माफी असावी’ म्हणत तिच्या मागे फिरलात.

तेव्हा मला एकच हवंय. मालविकाला सांगा. स्वतःच्या तोंडानं सांगा, की क्रांती ही मुलगी होती आणि मला ते माहीत होतं. तुमचा मुलगा मेलबर्नला, अलका वहिनी राहिल्या नाहीत, तुमचं असं जे काही आहे ते ही नातच, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तिला सांगा. काल मी तिच्याजवळ अवाक्षर काढलेलं नाही. दिवाळीपर्यंत थांबते.

अनुराधा


एजवेअर
भाऊबीज, ३ नोव्हेंबर २०२४

श्री. हरीश यांस,

फोन केलात, बरं झालं. निदान वाचता येतंय एवढं तरी कळलं. पण माझं बोलणं सुरू झालं की तुमचं हिअरिंग एड शिट्टी वाजवायला लागतं, म्हणून पुन्हा कागदावर लिहिते. कागद शिट्टी वाजवत नाही.

तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, झालं गेलं गंगेला मिळालं.’ काय मिळालं गंगेला? गेली ती माझी माणसं. तुमचं काय गेलं?

मग म्हणालात, ‘मी खोटं काय सांगितलं? क्रांती म्हणजे रिव्होल्यूशन. शब्दाचा अर्थ विचारला, मी अर्थ सांगितला. डिक्शनरी काढून बघा.’

वा! उद्या कुणी आशा मेली म्हणालं तर होप इज डेड सांगाल आणि तिरडी बांधायला जाणार नाही! अहो, मराठी माणसाला नाव आणि शब्द यांतला फरक शिकवावा लागत नाही, चार वर्षांच्या पोराला कळतो. म्हणून तर साहेबानं डिक्शनरी न आणता तुम्हाला आणलं होतं.

आणि ते नाव तरी कुठलं? नऊ ऑगस्टला, क्रांतिदिनी, जन्मली म्हणून क्रांती. माझे सासरे खादी घालणारे शाळामास्तर, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. कम्युनिस्टांशी त्यांचं उभ्या जन्मात पटलं नाही. बेचाळीसला हे लोक घरी बसले होते म्हणून चहाच्या टपरीवर भांडायचे त्यांच्याशी! रशियाचं नाव निघालं तरी पान थुंकायचे. असल्या माणसाच्या घरात तुम्ही लाल बावटा नेऊन रोवलात. कम्युनिझम थोपवलात म्हणे. सोलापूरच्या एका आजारी पोरीला थोपवलंत तुम्ही.

मग तुम्ही रडकुंडीला आलात. ‘वहिनी, तो साहेब मलाही विचारत होता, तुझं आणि याचं काय नातं, तू त्याच्या घरी जेवायला का जातोस. मी पुण्यात कॉलेजात असताना दोनदा मोर्चाला गेलो होतो. पदरात लहान पोर. मी घाबरलो.’

घाबरलात, हे मी मानते. त्या दिवसांत सगळेच घाबरलेले असायचे, बॉम्ब पडला तर घरात कुठे लपायचं याची माहितीपत्रकं निघत होती. पण घाबरलेला माणूस ‘मला नीट लागत नाही’ म्हणतो, ‘अक्षर वाचता येत नाही’ म्हणतो. मूग गिळून बसतो. तुम्ही मळमळण्याची ओळ गाळलीत. ते भीतीचं काम नाही, ते अकलेचं काम आहे. आणि पुढे ह्यांच्याच ड्रॉइंग बोर्डावर जाऊन बसलात, निवृत्त होईपर्यंत.

आता पुढचं ऐका, कारण हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. ह्यांची नोकरी गेली आणि तिला इथे यायची परवानगी नाकारली गेली. मुंबईत ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत थांबणं आलं. दिवाळीच्या आधी, पणत्या भिजत घालता घालता, ती अंगणात बसली ती उठलीच नाही. ह्यांना तार आली तेव्हा हे एका शाळेत बदली मास्तर म्हणून गणित शिकवत होते. तास पूर्ण करून घरी आले. त्यानंतर तीस वर्षं भाऊबीजेला हे घरात थांबायचे नाहीत, बस पकडून कुठेतरी जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. मरेपर्यंत म्हणत राहिले, ‘अनू, माझंच काहीतरी चुकलं असणार.’ आणि त्यांच्या फ्युनरलला भाषण कुणी केलं? ‘शशी माझा सख्खा भाऊ होता.’ आज भाऊबीज आहे. म्हणून आजच लिहायला बसले.

मालविकाला अजून काही सांगितलं नाहीत. काल वर्गात ती करंज्या घेऊन आली होती आणि पॉडकास्टला नाव काय देऊ, विचारत होती. मी गप्प बसले. पुढच्या वेळी बसणार नाही.

अनुराधा


एजवेअर
रविवार, १ डिसेंबर २०२४

हरीश,

तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा मी माझ्या पद्धतीनं केलं. पद्धत तुमचीच आहे. भाषांतर.

काल वर्गात मी बोर्डावर सासऱ्यांचं पत्र लिहिलं. कुणाचं, कधीचं, काही सांगितलं नाही. म्हटलं, इंग्रजी करा. सहा माणसं होती. एक तर गोरा आहे, बायको मराठी म्हणून शिकतोय, त्याला अजून ‘ळ’ म्हणता येत नाही. साही जणांनी लिहिलं, ‘क्रांती इज कमिंग इन जून’. त्या गोऱ्यानं वर विचारलं, ‘इज शी यॉर सिस्टर?’ तुमच्यापेक्षा त्याचं मराठी चांगलं म्हणायचं.

मालविका मळमळण्याच्या ओळीपर्यंत आली. ‘मळमळतं’ तिला येत नव्हतं, मी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं करून दाखवलं. सगळे हसले. तीही हसली आणि हसता हसता थांबली. पुन्हा वरची ओळ वाचली. जून. मग माझ्याकडे बघितलं.

बाकीचे गेल्यावर म्हणाली, ‘आजी, हे आजोबाचा पत्र आहे? ती रिव्होल्यूशनवाली?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘पण क्रांती तर माणूस आहे.’

‘माझी नणंद होती.’

मी आणखी काही सांगणार होते, पण तिनं तिथेच तुम्हाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तुम्हाला माहीत नव्हतं मी समोर उभी आहे. आता माहीत असू दे.

तिनं विचारलं, ‘आजोबा, क्रांती कोण होता?’ तुम्ही म्हणालात, ‘कोण क्रांती? मी अशा कुणाला ओळखत नाही.’ ती म्हणाली, ‘त्या पत्रातली, द गर्ल.’ तुम्ही म्हणालात, ‘आय नेव्हर मेट हर, बाळा. म्हाताऱ्या बाईच्या नादी लागू नकोस. आणि तसंही तिचं हार्ट वीक होतं, ती जगली नसतीच.’

मालविका अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘यू नेव्हर मेट हर. तर हार्ट वीक होता ते कसं कळलं?’

फोन ठेवलात तुम्ही. तुमच्या हातानं तुम्ही तुमचं तोंड बंद केलंत, हरीश. मला काही करावं लागलं नाही. ती पोर माझ्या समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. तुमचं माणूस रडत होतं आणि ते माझ्या खांद्यावर रडत होतं.

अजूनही वेळ आहे. एक वाक्य.

अनुराधा


एजवेअर
रविवार, १९ जानेवारी २०२५

हरीश,

तुमचं पत्र पोचलं. मला नाही, मालविकाला, पण ते माझ्याकडेच येणार हे तुम्हाला कळायला हवं होतं. तिला छापील मराठी वाचता येतं. तुमची ती घाईची, शब्दाला शब्द चिकटलेली अक्षरं तिला कुठून लागणार? संक्रांत झाली आणि शनिवारी ती पाकीट घेऊन आली. तिळगुळाची पुडीही होती, टपालात चुरा झालेली.

‘आजी, प्लीज, एक्झॅक्टली काय लिहिलंय ते सांगा. काही सॉफ्ट करू नका.’

बरं म्हटलं. चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

तुम्ही लिहिलं होतंत, ‘बाळा, माझ्याकडून चूक झाली.’

हे वाक्य मला समजतं. कुठल्याही मराठी माणसाला समजतं. आपल्याकडे तोंड वर करून ‘मी केलं’ असं कुणी म्हणत नाही, मान खाली घालतो आणि ‘माझ्याकडून झालं’ म्हणतो, आणि त्यात सगळं आलं. पाया पडणं आलं. अक्षरात काना कुठे, मात्रा कुठे. हे लिहिताना तुम्ही रडला असणार, तेही मला कळलं.

मी मालविकाला म्हटलं, ‘फ्रॉम माय साइड, अ मिस्टेक हॅपन्ड.’

ती म्हणाली, ‘हॅपन्ड? आय डिड असं नाहीये?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘केली असा शब्द नाही. झाली असा आहे.’

पुढे तुम्ही लिहिलंत, ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती.’ सांगितलं, ‘द सिच्युएशन वॉज लाइक दॅट.’ ती म्हणाली, ‘लॉयरनी लिहिल्यासारखं वाटतं.’ पुढे लिहिलंत, ‘तुझ्याशिवाय मला कोण आहे.’ त्याचंही शब्दाला शब्द इंग्रजी केलं. ते इंग्रजीत फार स्वार्थी वाटतं बरं का, मलाही माहीत नव्हतं.

आणि शेवटी, ‘एकदा येऊन जा.’

यावर मात्र मी जरा अडखळले. जीव काकुळतीला आला की माणूस असं म्हणतो. माझी सासू प्रत्येक पत्रात ह्यांना हेच लिहायची, एकदा येऊन जा, आणि हे पत्र घडी घालून खिशात ठेवायचे. त्याचा अर्थ काय होतो हे मला तुम्ही सांगायला नको.

मी मालविकाला सांगितलं, ‘कम वन्स, अँड गो.’

‘अँड गो?’

‘जा म्हणजे गो. डिक्शनरी काढून बघ.’

तिनं पत्र घडी करून बॅगेत टाकलं. ब्रिस्टलचं तिकीट काढलेलं होतं तिनं, पुढच्या शनिवारचं, मला दाखवायला आणलं होतं. ते फोनवरच कॅन्सल केलं, माझ्यासमोर. तिळगुळाचा चुरा वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. दारापर्यंत जाऊन परत आली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, ‘थँक यू, आजी. एव्हरीबडी एल्स वुड हॅव लाइड टू मी.’

एक शब्द मी बदललेला नाही, हरीश. एक गाळलेलाही नाही, त्या बाबतीत मी तुमच्यापुढे गेले. अर्थ विचारला, अर्थ सांगितला. कारखान्यातल्या त्या खोलीत तुम्हाला कसं वाटलं असेल ते आता मला कळलंय. किती सोपं असतं ते. आवाज चढवावा लागत नाही, हात उचलावा लागत नाही, समोरचा माणूस वर आभार मानतो. घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला आणि पोटभर जेवले. लाज वाटली का? वाटली. पण जेवले.

तुम्हाला आता तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर कुठलं वाक्य लिहायचं ते तुम्हाला ऑक्टोबरपासून माहीत आहे. क्रांती मुलगी होती आणि मला ते माहीत होतं. त्या वाक्याचं काहीही केलं तरी दुसरं इंग्रजी होत नाही, मी करून पाहिलं. ते लिहून पाठवलंत तर त्याच दिवशी तिला फोन करीन आणि येऊन जा म्हणजे काय तेही समजावून सांगीन.

नाही तर तुमची मर्जी. बाकी काय हवं ते लिहा, कितीही लिहा. तुमचं अक्षर तिला लागत नाही, आणि पोरीचा माझ्यावर विश्वास बसलाय. यापुढची तुमची सगळी पत्रं तिला मीच वाचून दाखवणार आहे.

क्रांतीची वहिनी,
अनुराधा